मराठी मालिकेत काम करणाऱ्या मुलीशी लग्न करावं का?

तुम्ही विचारलंय की मुलगी पसंत आहे पण ती मालिकेत काम करते म्हणून घरचे नको म्हणतायत, तर काय करावं. माझी बायको हेच काम करते, हिरॉईन नाही हां, कायम खाष्ट काकू नाहीतर आत्या, आणि आम्ही ठाण्यात कासारवडवलीला राहतो, म्हणून सांगतो.

घरच्यांच्या डोक्यात पार्ट्या आणि अफेअर असतात, पण त्याला लागणारा वेळ या लोकांकडे असतो कुठे? शिफ्ट १२ तासांची, वर मेकअप, वर प्रवास. घोडबंदर रोडला बरेच सेट आहेत म्हणून इथे घर घेतलं पण ट्रॅफिक असं की जवळच्या सेटवरून यायलाही कधी तास जातो. उद्याचा कॉल टाइम, म्हणजे सेटवर किती वाजता पोचायचं ते, रात्री उशिरा व्हॉट्सॲपवर येतो आणि तो येईपर्यंत लेकीला क्लासवरून कोण आणणार, डबा कोण करणार काहीच ठरत नाही, त्यामुळे बहुतेक वेळा मीच. तुम्हाला हे जमणार असेल तरच पुढे जा. माझी आई आधी कुरकुरायची, आता पुढचा ट्रॅक, म्हणजे मालिकेची गोष्ट कुठे वळणार ते, तिला आधी कळतं म्हणून भिशीत भाव खाते.

खरा प्रश्न पैशांचा आहे, आणि तो कुणी विचारत नाही. सहकलाकारांना बहुतेक पर डे मिळतात, बोलावलं तितक्याच दिवसांचे. टीआरपी पडला की ट्रॅक बदलतो, काकू अचानक गावाला जातात आणि काकूंबरोबर आमचं त्या महिन्याचं उत्पन्न पण गावाला जातं. केलेल्या कामाचे पैसे साधारण ९० दिवसांनी, १०% टीडीएस कापून. एका मालिकेचे शेवटचे पैसे तर मालिका संपल्यावर कितीतरी महिने फोन करून करून मिळाले. होम लोनच्या वेळी बँकेने सॅलरी स्लिप मागितली, हिच्याकडे कुठली असणार, शेवटी लोन माझ्या पगारावर झालं. दोघांपैकी एकाचा पगार फिक्स असेल तर रात्री झोप लागते, एवढं नक्की.

२०२० ला मार्चमध्ये शूटिंग बंद पडलं ते जूनच्या शेवटी सुरू झालं. २०२१ च्या एप्रिलमध्ये महाराष्ट्रात परत बंदी आली तेव्हा बऱ्याच मालिका गोवा, सिल्वासा असं कुठे कुठे गेल्या, ही पण गोव्याला गेली, आणि मे मध्ये तिथेही बंद झालं. मी इकडे लॅपटॉपवर ऑफिस आणि बाजूला लेकीची ऑनलाइन शाळा. त्या काळात भांडणं झाली, खोटं कशाला बोलू.

बाकी मजा पण आहे. जांभळी नाक्यावर भाजी घेताना बायका हिला थांबवून "का हो त्या पोरीला छळता" म्हणून झापतात आणि ही खूश होते, कारण लोक चिडतायत म्हणजे रोल अजून चालणार.

तर मुलीला सरळ विचारा, महिन्याला साधारण किती दिवस काम असतं, काम नसेल तेव्हा कसं भागवते. आणि हो म्हणालात तर हॉल बुक करायच्या आधी तिच्या प्रॉडक्शनकडून सुट्टी पक्की करून घ्या, कारण मालिकेत त्याच आठवड्यात कुणाचं तरी लग्न निघालं तर तिला आधी तिकडे उभं राहावं लागेल.