विणकामाचं सामान न्यायला घरी टोट बॅग शिवायची आहे. कापड कोणतं घेऊ आणि तोंडाला चेन लावू की वेल्क्रो?

वेल्क्रो नको. एवढं आधी सांगून टाकते, कारण पुढे मी भरकटणार आहे.

तुम्ही लिहिलंय की दोन-तीन गुंडे, सुया, केबल आणि चालू विणकाम एवढं त्यात मावलं पाहिजे, रोज ऑफिसला नेता आलं पाहिजे, आणि एका मैत्रिणीने बारा बाय बारा इंचाचं माप काढून दिलंय. कापडाचं आणि चेनचं कोणीही सांगेल. मी लिहायला बसले ते हे बारा बाय बारा वाचून. ही मैत्रीण स्वतः विणते का? शिवत असेल, छान शिवत असेल. पण शिवणारीने विणणारीच्या पिशवीचं माप काढू नये, या मताची मी 1993 पासून आहे.

त्या वर्षी मोठ्या जाऊबाईंचा मुलगा शिकायला दिल्लीला गेला. जाऊबाई गिरगावात शिवणाचे क्लास घ्यायच्या, आणि हात असा की शिवलेलं उलटं करून पाहिलं तरी सुलटंच वाटावं. विणकामाच्या वाटेला मात्र कधी गेल्या नाहीत. तेव्हा पुतण्याचा स्वेटर माझ्याकडे आला. मरून रंगाची लोकर, पन्नास ग्रॅमचे नऊ गुंडे, दहा नंबरच्या सुया, मधोमध वेणीची नक्षी. मी डोंबिवलीहून फोर्टला नोकरीला जायची. संध्याकाळी व्हीटीला गाडी सुटते तिथूनच बसायला मिळायचं, म्हणून रोजचा तासभर हक्काचा. आमच्या डब्यात कोणी मटार सोलायचं, कोणी पालक निवडायचं, आम्ही चौघी-पाचजणी विणायचो.

तोवर मी सामान साडीच्या दुकानाच्या प्लास्टिक पिशवीतून न्यायची. जाऊबाईंना ते बघवेना. म्हणाल्या, मी तुला ऐसपैस पिशवी शिवून देते. मेंदी रंगाचं जाड कापड, कडेला मरून पायपिंग, आत दोन खिसे. पिशवी सुंदर होती, हे मी तेव्हाही म्हटलं होतं आणि आताही म्हणते. पण बेतायच्या आधी मी त्यांना सांगितलं होतं, "ताई, माझ्या सुया चौदा इंची आहेत. उंची सोळा तरी ठेवा."

"सोळा म्हणजे पोतं होईल गं. खांद्याला लावलीस की गुडघ्यावर आपटेल."

"मग सुया बाहेर येतील ना."

"तिरक्या ठेव. बारा बाय बाराला कर्ण सतरा इंच येतो."

खडूने टेबलावर चौकोन काढून कर्ण मोजून दाखवला हो त्यांनी! सतरा भरला. मी काय बोलणार?

आता विणणाऱ्यांना कळेल ते सांगते. एकशे अठरा टाके चढलेली सुई पिशवीत तिरकी राहत नाही. खाली गुंडा असतो, गुंड्यावर विणलेलं कापड बसतं, शेजारी जेवणाचा डबा असतो. गाडीच्या चार हिसक्यांत सुई उभी होते आणि तिची टोपी, म्हणजे मागच्या टोकाचं बोंड, पिशवीच्या तोंडातून दोन-तीन इंच वर येऊन बसते. माझी रोज यायची. रोज खाली दाबायची, रोज वर यायची.

त्या दिवशी घाटकोपर गेल्यावर मी विणकाम आवरलं आणि दाराकडे सरकले. त्या गर्दीत डोंबिवलीला उतरायचं तर ठाण्याच्या आधीच उठावं लागायचं. ठाण्याला उतरणाऱ्यांचा लोंढा माझ्या अंगावरून गेला, त्यात एका कॉलेजच्या मुलीची जाळीची, गोंड्यांची ओढणी होती. त्या जाळीत सुईची टोपी अडकली. मुलगी उतरली, ओढणी तिच्यामागून गेली, ओढणीमागून सुई. टोपीकडून ओढली गेल्यामुळे ती टाक्यांतून अशी अल्लद सरकली की मला हिसकासुद्धा बसला नाही. पिशवी हलकी झाल्यासारखी वाटली म्हणून खाली बघितलं. सुई ठाण्याला उतरली होती. टाके माझ्याकडे राहिले होते.

ज्यांनी कधी विणलं नाही त्यांनी इथे हसून घ्यावं. एकशे अठरा उघडे टाके, ॲक्रिलिकची गुळगुळीत लोकर आणि चहूबाजूंनी धक्के. खरी लोकर असती तर टाके थोडे तरी एकमेकांना धरून बसले असते. ही नुसती हात लागला तरी ओळीच्या ओळी उसवत जाते. मी पिशवी दोन्ही हातांनी छातीशी धरली आणि तोंडातून एवढंच निघालं, "माझे टाके गळतायत."

समोरच्या बाईंनी काही न विचारता बांगडीत अडकवलेली सेफ्टी पिन काढून दिली. मग शेजारणीने मंगळसूत्रातून दोन. मग मागून हातावरून हात करत आणखी. ठाणे आणि मुंब्र्याच्या मध्ये डब्यातून अकरा पिना गोळा झाल्या. एकीने विणकाम ताटासारखं तळहातावर धरलं, एकीने माझी पर्स सांभाळली, आणि मी आधी वेणीचे टाके पिनांवर घेतले, मग जमतील तेवढे बाजूचे. छोट्या पिनेत चार टाके मावतात, मोठ्या पिनेत सात. बाकीचे तीन-चार ओळी खाली उतरले ते उतरलेच. त्यातल्या आठ पिना अजून माझ्या घरी डबीत आहेत, कारण कोणाची कोणती ते विचारायला वेळच नव्हता.

रात्री दहानंतर, दूधबिध तापवून झाल्यावर, जेवणाच्या टेबलावर पांढरा टॉवेल अंथरला आणि बारा नंबरच्या बारीक सुईने टाके उचलायला घेतले. (उचलायला नेहमी बारीक सुई घ्यावी, खालच्या ओळीला ताण बसत नाही.) साडेबारा वाजले. सगळं जुळलं. फक्त वेणीचा एक पेड उजवीकडे वळायचा तो डावीकडे वळला, आणि ते मला वर सहा इंच विणून झाल्यावर दिसलं. उसवायची हिंमत नव्हती. म्हटलं, कोणाला कळतंय.

पुतण्याला नाही कळलं. त्याच्या आईला कळलं. स्वेटर हातात घेऊन उजेडाला धरला आणि म्हणाल्या, "वेणी इथे उलटी वळलीय गं." मी झाला प्रकार सांगितला. तर म्हणाल्या, "अशा गोंड्यांच्या ओढण्या गर्दीत घालतात कशाला?"

पिशवीबद्दल एक अक्षर नाही. नंतर मी दोनदा विषय काढून पाहिला. एकदा तर बारशाच्या पंगतीत, नको तिथे. दोन्ही वेळा ओढणीच दोषी ठरली. त्या जोडीतली माझ्याकडे राहिलेली एक सुई मी अजून परकरात नाडी ओवायला वापरते.

तर माप. पिशवीचं माप नंतर, आधी आपली सगळ्यात लांब सुई मोजा आणि वर दोन इंच धरा. आपल्याकडे सरळ सुया बहुतेक दहा इंची नाहीतर चौदा इंची मिळतात. चौदा इंचीला उंची सोळा. रुंदी चौदा आणि तळाला चार इंचांची जाडी, म्हणजे गुंडा उभ्या पिशवीत आपल्याआप फिरतो, ओढून काढावा लागत नाही. यासाठी एकोणीस इंच रुंद आणि एकोणचाळीस इंच लांब असा एकच अखंड तुकडा कापायचा. पुढची बाजू सोळा, तळ चार, मागची सोळा, वरच्या दोन्ही दुमडींना दीड-दीड. तळाला जोड नको, वजन तिथेच येतं. बाजूच्या शिलाया घालून झाल्या की तळाचे दोन्ही कोपरे त्रिकोणासारखे चपटे करायचे आणि जिथे त्रिकोणाची रुंदी चार इंच भरते तिथे आडवी टीप मारायची. हे उलट्या बाजूने करतात हे तुम्हाला माहीत असेलच.

चव्वेचाळीस इंच पन्हा असला तर एका लांबीत बाहेरचा तुकडा आणि अस्तर दोन्ही शेजारी-शेजारी निघतात, वर सहा इंचांची पट्टी खिशांना उरते. एक मीटर म्हणजे एकोणचाळीस इंच आणि वर अर्धा इंचही नाही, त्यामुळे दुकानदार "एक मीटर पुरे" म्हणेल. त्याचं ऐकू नका. कोरं सुती कापड पहिल्या पाण्यात आटतं. सव्वा मीटर घ्या, रात्रभर भिजवा, वाळवा, इस्त्री करा, मग कैची लावा.

कापड कोणतं, तर पडद्याचं जाड सुती किंवा दुहेरी विणीचं मांजरपाट. जीन्सचं कापड सगळे सुचवतात, ते टिकतं, पण हँडलच्या जोडावर चार-सहा थर आले की घरच्या मशीनची सुई मोडते. वापरायचंच असेल तर मशीनला सोळा नंबरची जाड सुई घाला आणि त्या जागी पायडल सोडून चाक हाताने फिरवा. खणाच्या पिशव्या सध्या जिकडेतिकडे दिसतात. गुळेदगुड्डचा खण मलाही आवडतो, पण विणकामाच्या पिशवीला तो लावणं म्हणजे पैठणीचं पायपुसणं. सुयांची टोकं त्याचे धागे ओढून काढतात.

अस्तर हवंच. ज्या पिशवीच्या आत शिलाईची मोकळी कड असते, मग ती ओव्हरलॉक केलेली का असेना, तिथे लोकर अडकणार. जुन्या सुती साडीचं केलंत तरी चालेल, फक्त रंग फिका घ्या. काळ्या अस्तरात पडलेली क्रोशाची सुई शोधायला अख्खी पिशवी उलटी करावी लागते.

हँडलला मी नवार वापरते. आईच्या पलंगाची, जुनी, धुऊन धुऊन मऊ झालेली. दुमडून दोन्ही कडांना टीप मारली की खांद्याला रुतत नाही. बाजारात पिशव्यांचे तयार पट्टे मिळतात त्यात नायलॉनचे घेऊ नका, खांद्यावरून घसरतात.

आणि तुमचा मूळ प्रश्न. ज्या स्विस इंजिनियरने वेल्क्रो काढलं त्याला ते सुचलं तेच मुळी कुत्र्याच्या केसांत अडकलेल्या काटेरी बोंडांवरून. म्हणजे जी वस्तू केसांत अडकावी म्हणूनच जन्माला आली, ती तुम्ही लोकरीच्या पिशवीच्या तोंडाला लावणार? आघाड्यातून फिरून आल्यावर साडीची काय दशा होते ते आठवा.

चेन वेल्क्रोपेक्षा बरी, तीही नायलॉनची. धातूच्या दातांत लोकर सापडली की कापूनच काढावी लागते. माझी पसंती नाडीला. पिशवीच्या तोंडाला आतून सात-आठ इंच उंचीची मऊ सुती कापडाची कॉलर जोडायची, तिला वर नेफा करायचा आणि बटव्यासारखी ओढायची. सुई वर आली तरी कॉलरच्या आतच राहते. जाऊबाईंच्या पिशवीला ही कॉलर असती तर बारा इंचांतही भागलं असतं, हे मला मान्य आहे. पण नव्हती.

एवढं लिहून तुमचा प्रश्न पुन्हा वाचला. तुम्ही "सुया, केबल" लिहिलंय. मला पहिल्यांदा वाटलं वेणीला टाके अडकवायची ती छोटी वाकडी सुई, तिलाही केबल नीडल म्हणतात. ती नव्हे ना? गोल सुईची, दोन टोकांना जोडणारी लवचिक केबल म्हणताय ना? म्हणजे तुम्ही गोल सुईवर विणता. अहो, मग टाके सगळे केबलवर उतरवता येतात, टोकांना बूच लावलं की झालं, सुईला टोपीच नाही तर ओढणीत अडकणार काय! तसं असेल तर वरची सगळी मापं सोडा. तुम्हाला बारा बाय बारा पुरतं, तळाची चार इंच जाडी तेवढी वेगळी धरा. मैत्रिणीचं बरोबर आहे.

आमच्या घरातलं कोणी हे वाचत असेल तर शेवटचा परिच्छेद गिरगावात कळवू नये.