जुन्या मारुती ८०० चं इंजिन वापरून जळगावात घरीच ऑफ-रोड बग्गी बनवता येईल का?

येईल. वेल्डिंगवर हात बसलेला हवा, नाहीतर शेतीची अवजारं बनवणारा कारागीर सोबत घ्या.

७९६ सीसी इंजिन, गिअरबॉक्स आणि अ‍ॅक्सल एकत्रच असल्याने पूर्ण सेट उचलून मागे बसवायचा. सेटचं तोंड उलटं फिरवू नका हं, नाहीतर चार गिअर रिव्हर्सचे आणि एकच पुढचा! खरी गोम चाकांत आहे. हा सेट मुळात पुढच्या, वळणाऱ्या चाकांचा. मागे आल्यावर दोन्ही टाय रॉड (चाकं वळवणारे दांडे) स्टिअरिंगऐवजी चेसिसला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला, पक्के बांधावे लागतात, नाहीतर मागची चाकं मनाला येईल तिकडे वळतात. माझ्या पहिल्या गाडीत एका रॉडचा बोल्ट ढिला राहिला. नाल्यात उतरताना मागचं चाक आडवं झालं न् गाडी थेट केळीच्या बागेत. काका अजून ऐकवतात.

बसणाऱ्याभोवतीच्या पिंजऱ्याला सीमलेस (बिनजोड) पाइप घ्या. पाण्याचा जीआय (जस्ताचा थर दिलेला) पाइप स्वस्त पडतो, पण वेल्डिंग करताना जस्ताचा विषारी धूर निघतो. आधी सगळे सांधे नुसते टाचून घ्या, मापं तपासा, मगच पूर्ण वेल्डिंग.

रेडिएटर मागे कोंबला तर आपल्याकडच्या मे महिन्यात इंजिन उकळलंच समजा. मोठा पंखा लावा, हवेला वाट ठेवा. पावसाळ्यात काळ्या मातीत जाऊ नका, ट्रॅक्टर बोलवावा लागतो.

आणि रस्त्यावर नाही. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ३९ नुसार नोंदणीशिवाय सार्वजनिक ठिकाणी गाडी चालवता येत नाही. बग्गी स्वतःच्या शेतातच फिरवा.