बँकॉकहून रेल्वे मार्केट आणि फ्लोटिंग मार्केट एका दिवसात होतं का? गाइडेड टूर घ्यावी की स्वतः जावं?

होतं, आणि पहिल्यांदा जात असाल तर टूरच घ्या. दामनोन सादुआक हे फ्लोटिंग मार्केट बँकॉकपासून साधारण 100 किलोमीटर, मेकलाँग म्हणजे रुळांवरच भरणारं रेल्वे मार्केट त्याच वाटेवर. मेकलाँगला गाडी दिवसातून मोजक्याच वेळा येते. ती चुकली तर उरते नुसती भाजी मंडई! टूरवाले त्या वेळा सांभाळूनच नेतात. भोंगा वाजला की विक्रेते ताडपत्र्या ओढून घेतात, चाकांवरचे ट्रे मागे सरकतात, पण रुळांलगतच्या मिरच्यांच्या टोपल्या तिथेच राहतात. गाडी त्यांच्यावरून जाते.

दामनोन सादुआकचा कालवा 1860च्या दशकात खणलेला. आजचा बाजार मात्र बराचसा पर्यटकांसाठीच, तेव्हा टोप्या-मॅग्नेटना अर्धी किंमत सांगून सुरुवात करा. होडीचं भाडं टूरमध्ये धरलंय का, हे बुकिंग करतानाच विचारा; तिथे गेल्यावर वाद नको.

खानोम क्रोक जरूर खा. तांदळाचं पीठ, नारळाचं दूध, अगदी आपल्या आप्पेपात्रासारखं भांडं. शाकाहारी असाल तर ‘जे’ म्हणा, नाहीतर भाजीतही फिश सॉस पडतो.

थायी लोकांची गर्दी बघायची असेल तर शुक्रवार ते रविवार दुपारनंतर आम्फावाचं फ्लोटिंग मार्केट. मला तेच जास्त आवडलं.