खोरे म्हणजे ओढीचा मुलूख

‘नदीखोरे आणि पाणलोट क्षेत्र एकच का?’ असा प्रश्न आला आहे. एक नव्हे. ज्या जमिनीवरचं पाणी धरणात उतरतं ते त्या धरणाचं पाणलोट क्षेत्र. कालव्याने भिजतं ते लाभक्षेत्र. उपनद्या, ओढेनाले धरून एका नदीकडे वाहणारा सगळा मुलूख म्हणजे खोरे. तरी दर पावसाळ्यात ‘लाभक्षेत्रातील दमदार पावसाने धरण भरले’ असं छापून येतंच! लाभक्षेत्र धरणाच्या खाली असतं. तिथल्या पावसाने वरचं धरण भरेल कसं?

पण खरी गंमत ‘खोरे’ या शब्दातच आहे. माती ओढायचं अवजार, तेही खोरेच. हे निव्वळ उच्चारसाम्य आहे असं म्हणणारे भेटतात. मला ते अजिबात पटत नाही. खोऱ्याचं पातं दांड्याला आडवं बसवलेलं असतं. ते माती पुढे लोटत नाही, आपल्याकडे ओढतं. ‘खोऱ्याने पैसा ओढतो’ असं आपण म्हणतो ते त्यामुळेच. नदीचंही तेच. उगमाकडे डोंगर कोरत ती मागे सरकते आणि दोन्ही अंगांची माती, पाणी पात्राकडे ओढून घेते. खोरे म्हणजे नुसती दरी असं शिकवणाऱ्यांनी ही ओढच गाळून टाकली आहे.

मावळात तर रोहिडखोरे, कानदखोरे, मोसेखोरे ही कारभाराचीच नावं होती. देशमुखांची वतनं त्या-त्या खोऱ्याची. एकात्मिक जलव्यवस्थापनाला, म्हणजे अख्ख्या खोऱ्याचं पाणी एकत्र धरून केलेल्या कारभाराला, मराठीत शब्द सापडत नाहीत म्हणणाऱ्यांनी आधी ही नावं वाचावीत.

शब्द सैल वापरला की काय होतं ते गोदावरीत पाहा. 2005 च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्यानुसार खोऱ्यातल्या सगळ्या जलाशयांत ऑक्टोबरअखेर उपलब्ध पाण्याची टक्केवारी साधारण सारखी हवी. जायकवाडीला वरच्या धरणांतून पाणी सोडण्याचा वाद याच तरतुदीवर उभा आहे. इथे ‘खोरे’ऐवजी एकेका धरणाचं पाणलोट धरलं, तर तरतुदीला अर्थच उरत नाही. त्याच कायद्याने पाटबंधारे महामंडळांना नदीखोरे अभिकरण, म्हणजे खोऱ्याचा कारभार पाहणारी संस्था, म्हटलं. त्यांतलं एक गोदावरी मराठवाडा महामंडळ, आणखी एक विदर्भ महामंडळ. वर्धा आणि वैनगंगा या नद्या विदर्भ महामंडळाकडे आहेत, आणि त्यांची प्राणहिता होऊन सिरोंचाजवळ गोदावरीलाच मिळते. अशा प्रदेशवार वाटणीला खोरे म्हणणं मला मान्य नाही.