हॅन्डग्लोव्जवरचा आकडा शॉकचा, भडक्याचा नाही

प्रश्न: मी बुटीबोरी एमआयडीसीत मेंटेनन्सला आहे. आमच्याकडे ४१५ व्होल्टचे पॅनल आणि ११ केव्हीचं (११,००० व्होल्ट) सबस्टेशन आहे. स्टोअरमधून लाल रबरी हॅन्डग्लोव्ज मिळतात, व्होल्टेज छापलेले, मग पॅनलमध्ये फ्लॅश (विजेच्या ठिणगीचा भडका) झाला तरी तेच पुरतात ना? आणि उन्हाळ्यात हात लई उकडते म्हणून आमची पोरं आतून नायलॉनचे घालतात, चालते का?
– एक वाचक, बुटीबोरी

उत्तर: भाऊ, पोरांचे नायलॉनचे ग्लोव्ज आजच बंद करा. फ्लॅशच्या उष्णतेनं नायलॉन वितळून कातडीला चिकटतं आणि भाजणं अजून खोल जातं. आपल्या नागपूरच्या मे महिन्यात घामानं हात ओलेचिंब होतात हे मान्य, पण त्यासाठी आतून पातळ सुती घाला.

आता रबराचं. त्यावरचं व्होल्टेज फक्त शॉकसाठी असतं, आगीबद्दल ते काहीच सांगत नाही. फ्लॅशची उष्णता कॅलरी प्रति चौरस सेंटिमीटरमध्ये मोजतात, आणि उघड्या कातडीवर नुसती १.२ पडली तरी फोड येतात. म्हणून जिवंत भागाजवळ हात जाणार असेल तर रबरावरून लेदरचे प्रोटेक्टर घालायचेच, ते उष्णता अंगावर घेतात आणि रबराला कापण्या-टोचण्यापासून वाचवतात. अमेरिकेच्या एनएफपीए ७०ई या विद्युत सुरक्षेच्या नियमावलीत दिलंय की निदान ०.७ मिमी जाडीचं हेवी ड्युटी लेदर १० कॅलरीच्या वर टिकलेलं आहे. पण नुसतं लेदर शॉक अडवत नाही, आणि लेदरची बाही रबरापेक्षा आखूडच पाहिजे, क्लास ० ला (रबरी ग्लोव्जचे व्होल्टेजनुसार क्लास असतात) निदान १३ मिमी, क्लास २ ला ५१, नाहीतर करंट लेदरवरून सरकत हातापर्यंत येतो.

तुमच्या ४१५ ला क्लास ० घ्या, तो १,००० व्होल्टपर्यंत चालतो. ११ केव्हीला क्लास २ च, कारण क्लास १ ची मर्यादा ७,५०० व्होल्टवरच संपते. बंद दाराआडून नुसतं स्विचिंग असेल, शॉकचा संबंधच नसेल, तर आर्क रेटेड (फ्लॅशच्या उष्णतेसाठी तपासलेले) ग्लोव्ज घ्या, त्यांच्यावर कॅलरी लिहिलेली असते आणि ती त्या पॅनलसाठी काढलेल्या फ्लॅशच्या कॅलरीपेक्षा कमी नको.

एक गोष्ट मला फार खटकते, ४१५ ला सगळे हलकं समजतात. ट्रान्सफॉर्मरच्या जवळच्या मेन पॅनलमध्ये फॉल्ट करंट (शॉर्ट झाल्यावर वाहणारा) प्रचंड असतो, आणि मागचा ब्रेकर उशिरा पडला तर तिथला भडका ११ केव्हीपेक्षा मोठा होऊ शकतो, त्यामुळे सप्लाय बंद करून, लॉक लावून, टेस्ट करून काम होत असेल तर तसंच करा, साहेब किती का घाई करेना.

आणि हो, दर वेळी घालण्याआधी बाही गुंडाळून हवा कोंडा, दाबा, कुठून सुटते का कानाजवळ धरून ऐका. सुटली तर ती जोडी बाद, पंक्चर काढत बसू नका. वापरातल्या जोडीची व्होल्टेज टेस्ट ६ महिन्यांनी लॅबमधून झाली पाहिजे, स्टोअरवाल्याला तारीख विचारा, आणि घडी करून किंवा ग्रीस-ऑइलच्या डब्यांसोबत ठेवत असेल तर ते आधी थांबवा.