बेसबॉल कार्डं विकताना: वरचं वरचं देऊन बसू नका

"मुलाची चार खोकी बेसमेंटात पडून आहेत, 1987 ते 93 ची कार्डं. एक जण शनिवारी घरी येऊन चांगली तेवढी घ्यायला तयार आहे, देऊ का?" हे तुमचं वाक्य वाचलं आणि हातातलं काम सोडून लिहायला बसलो. देऊ नका. निदान या शनिवारी तरी नाही.

आमच्याकडे अगदी हेच झालं. आम्ही न्यूजर्सीत. पाकिटातून मिळणारी ही बेसबॉल खेळाडूंच्या फोटोंची कार्डं जमवायचं चिरंजीवांचं वेड 1988 ला सुरू झालं आणि 94 मध्ये खेळाडूंच्या संपानं वर्ल्ड सिरीज, म्हणजे बेसबॉलची अंतिम लढतच रद्द झाली तेव्हा उतरलं. खोकी राहिली. त्यातच एक बुटांचा खोका होता, शेजारच्या आजोबांनी घर विकताना त्याला दिलेला, सगळी 70 च्या दशकातली कार्डं. मी तो वेगळासुद्धा काढला नाही. घर आवरायची घाई, म्हणून एका विक्रेत्याला बोलावलं.

तो स्वयंपाकघरातल्या टेबलाशी चाळीस मिनिटं बसला. नोटा मोजाव्यात तसा अंगठ्यानं गठ्ठे सरकवत होता. मध्येच थांबायचा, एखादं कार्ड तिरकं धरून उजेडात कडा बघायचा आणि न बोलता डावीकडे ठेवायचा. 58 कार्डं निघाली. 700 डॉलर रोख. मी खूश. हिनं त्याला वर चहाही दिला.

बाकीची खोकी? "याला गिऱ्हाईक नाही." पुढच्या दुकानदारानं झाकण उघडून पहिलं काय विचारलं असेल, तर "वरचं वरचं कोण घेऊन गेलं?" चांगल्या पन्नास कार्डांच्या जोरावर बाकीची हजारो खपतात. ती काढून दिली की उरते ती रद्दी. त्यात माझ्याकडे यादी नाही, फोटो नाहीत, म्हणजे काय गेलं हेही सांगता येईना. मुलाचा फोन आला, "बाबा, त्यात 1975 चा जॉर्ज ब्रेट होता ना?" मला काय माहीत! मग अल्बममध्ये त्याचा वाढदिवसाचा फोटो सापडला, हातात दोन रंगांच्या चौकटीचं तेच कार्ड. ब्रेट हा मोठा बेसबॉलपटू, आणि त्याचं ते पदार्पणाचं, म्हणजे पहिलंवहिलं कार्ड. विक्रेत्याचं नाव लिहीत नाही. त्यानं फसवलं असंही म्हणता येत नाही, मान मीच डोलावली होती. पण राग आहे तो आहे.

आता कडू भाग. तुमच्या सालांतली बहुतेक कार्डं कवडीमोल आहेत. 1952 ची न खपलेली खोकी कार्डं छापणाऱ्या टॉप्स कंपनीनं पुढे समुद्रात नेऊन बुडवली, असं त्यांच्याच साय बर्गरनं सांगितलं होतं. त्यामुळे त्या सालची कार्डं दुर्मिळ झाली, आणि त्यांतलं मिकी मँटल या खेळाडूचं एक कार्ड 2022 मध्ये 1 कोटी 26 लाख डॉलरना गेलं. जुन्या कार्डांचे चढते भाव ऐकूनच 80 च्या दशकाच्या शेवटी सगळ्यांनी कार्डं जपायला घेतली, कंपन्यांनीही बेसुमार छापली. सगळ्यांनीच जपलेल्या वस्तूला कोण विचारतो?

तरी अपर डेक कंपनीच्या 1989 च्या संचातलं पहिल्या क्रमांकाचं केन ग्रिफी ज्युनियर आणि त्याच कंपनीच्या 1993 च्या एसपी संचातलं चकचकीत डेरेक जीटर ही दोन खेळाडूंची कार्डं शोधाच. जीटरचे कोपरे लगेच झडतात, बोट लावू नका. भाव बघायचा तर ईबेवर झालेल्या विक्रीचा बघा. मागितलेल्या किमतीला अर्थ नाही, मागायला काय जातं? पीएसए ही फी घेऊन कार्डांचा दर्जा ठरवणारी कंपनी, तिच्याकडे सरसकट पाठवू नका. मी पाठवलेल्या सहांपैकी पाचांची फीसुद्धा निघाली नाही. (हा माझा अनुभव, तुमची कार्डं मी पाहिलेली नाहीत.)

आणि हो, पुसू नका! पूर्वी पाकिटात च्युइंगगम असायचं, त्याचा डाग कार्डाच्या पाठीला लागतो. मी ओल्या फडक्यानं एक पुसलं, डाग राहिला आणि पुठ्ठा फुगला.

शनिवारच्या माणसाला सांगा, यादी चालू आहे, फोटो काढतोय. मुलालाही एकदा विचारा, मी विचारलं नव्हतं आणि ते अजून ऐकतोय. एवढं करूनही तो माणूस आलाच, तर आधी सगळ्याचा मिळून भाव विचारा. चहा नंतर.