सीजीपीए ७.६ आणि मावसभावाचा ९.४

नमस्कार ताई. डोंबिवलीहून तुम्ही लिहिलंय की मुलगी ऑटोनॉमस कॉलेजात इंजिनीअरिंगच्या थर्ड इयरला आहे, सीजीपीए ७.६, पेपर एवढे कडक तपासतात की वर्गात नऊच्या वर फक्त चार जण, आणि मावसभाऊ कुठल्याशा प्रायव्हेट युनिव्हर्सिटीत ९.४ घेऊन बसलाय. परदेशात एमएसला दोघांनी अर्ज केला तर हिचं कसं होणार, आणि मावसभावाच्या युनिव्हर्सिटीतच बदली घेऊ का?

बदली नको. थर्ड इयरला तर नकोच नको.

पण खोटा धीरही देत नाही. कडक मार्किंगचा फटका बसतो. "आमचं कॉलेज कडक आहे हो" हे दादरपासून कल्याणपर्यंत सगळ्यांना माहीत असतं, परदेशात फाईल उघडणाऱ्याला ते माहीत असेलच असं नाही, आणि पहिली चाळणी बऱ्याचदा आकड्याचीच असते. हे रडगाणं फक्त आपलंच नाहीये, अमेरिकेतल्या प्रिन्स्टन युनिव्हर्सिटीने २००४ मध्ये ठरवलं की ए गटातल्या ग्रेड साधारण ३५ टक्क्यांपर्यंतच ठेवायच्या, मुलांची तीच तक्रार की बाकीच्यांसमोर आम्ही मार खातो, आणि २०१४ मध्ये ते गुंडाळलं. हार्वर्डमध्ये २०२०-२१ ला ए गटातल्या ग्रेड ७९ टक्क्यांच्या आसपास होत्या, आता बोला.

आपला सीजीपीए जर्मनीच्या ग्रेडमध्ये बदलायचं गणित मात्र वहीत करून बघा. दहातून आपले पॉइंट वजा करायचे, तीनने गुणायचं, मग दहा वजा पासिंगचे पॉइंट, म्हणजे चार पासिंग असेल तर सहाने भागायचं आणि एक मिळवायचा. हिचे येतात २.२, मावसभावाचे १.३, तिथे कमी तेवढं चांगलं. बऱ्याच कोर्सना २.५ ची अट असते, म्हणजे ही दारात तरी उभी आहे. अमेरिकेसाठी ७.६ ला चारच्या स्केलवर आणून ३.०४ काढत बसू नका, बऱ्याच युनिव्हर्सिटी स्वतःच सांगतात की कॉलेजच्या स्केलवरच आकडा टाका.

आता खरं काम. कॉलेजच्या एक्झाम सेलमध्ये अर्ज टाकायला सांगा, ब्रँचमध्ये एकूण किती मुलं, हिचा नंबर कितवा, लेटरहेडवर सही-शिक्क्यासकट. आधी "असं काही देत नाही" म्हणतील, मग एचओडींकडून विचारून घ्यायचं. ग्रेडिंग रिलेटिव्ह, म्हणजे वर्गातल्या बाकीच्यांच्या तुलनेत आहे, की ऐंशीच्या वर ओ ग्रेड असं ठरलेलं, तेही लिहून मिळालं तर उत्तम. ७.६ वर १२० मध्ये अकरावी असेल तर तो कागद सगळं बोलतो. चाळिसावी असेल तर मग प्रॉब्लेम मार्किंगचा नाहीये ताई, आणि तो कागद जोडायचाही नाही.

कडक मार्किंगबद्दल एसओपीत, म्हणजे अर्जासोबतच्या स्वतःबद्दलच्या निबंधात, तिने एक ओळही लिहू नये, रडल्यासारखं वाटतं. तेच प्रोजेक्टच्या सरांनी रेकमेंडेशनमध्ये लिहिलं तर वजन येतं, म्हणून सरांना आत्ताच सांगून ठेवा, डिसेंबरला सगळे एकदम मागे लागतात.

भारतातच एमटेक करायचं ठरलं तर गेटची प्रवेश परीक्षा आहे, तिथे बहुतेक ठिकाणी सीजीपीए किमान अटीपुरताच बघतात, खरी चढाओढ स्कोअरची. पवईला आयआयटीत जायचं असेल तरी हेच.

रँकचं पत्र हातात आलं की कितवी आली ते मला कळवा, कॉलेजांची यादी त्यावरून करू.